सिस्टरच्या देवाला बोललेलं कोकरू

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी रूथ साळवे यांचं नाव घेतो. त्या ख्रिस्ती, मूळच्या जुन्नरच्या, पुण्यातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहेत. डॉक्टरांनी माझ्या आजाराचं नाव उच्चारलं तेव्हा त्या माझ्या खाटेशी उभ्या होत्या.

डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं माझ्या गुडघ्यांवर टकटक केलं. पाय उडायला हवे होते, ते हलले नाहीत. "गुलियन बारे सिंड्रोम. जीबीएस," ते म्हणाले. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच वाट चुकते आणि स्वतःच्या नसांवर हल्ला करते, असा तो आजार. "बहुतेक जण बरे होतात. पण अशक्तपणा छातीपर्यंत चढला तर व्हेंटिलेटर लागेल."

मी लोणीचा. आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, आईकडं आजही थोडी मेंढरं आहेत. घरातला पहिला पदवीधर मी, मंचरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो. आधी जुलाब झाले, ते थांबले आणि मग तळपायांना मुंग्या आल्या. थकवा असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मोटरसायकलचा ब्रेक पायानं दाबता येईना तेव्हा घाबरलो. वाचणाऱ्यांना सांगतो, मुंग्या आणि अशक्तपणा पायांकडून वर चढू लागला तर घरी थांबू नका.

दुसऱ्या दिवशी श्वास अपुरा पडू लागला आणि घशात नळी गेली. व्हेंटिलेटर म्हणजे आपल्या वतीनं श्वास घेणारं यंत्र. हात गेले, बोलणं गेलं, पापण्या तेवढ्या उरल्या. ऐकू मात्र सगळं येत होतं. लोक माझ्याविषयी बोलत, माझ्याशी नाही. रूथ सिस्टर माझ्याशी बोलायच्या. "दत्ताभाऊ, कूस बदलतेय हां. बाहेर ढग आलेत. आई खाली बसल्यात, जेवल्यात."

शिरेतून आयव्हीआयजी नावाचं औषध चालू होतं. ते अनेक निरोगी माणसांनी दिलेल्या रक्तातून काढतात. त्यांतलं एकही माणूस मला ओळखत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर आमच्याच भागातल्या पेठ गावचे एक मास्तर होते. तोच आजार, तेच औषध. एका सकाळी पडदा ओढल्याचा आवाज आला, धावपळ झाली. मला मान वळवता येत नव्हती. नंतर नवी चादर झटकल्याचा आवाज आला.

माझ्या बोटांत हळूहळू जीव आला, नळी निघाली. आई म्हणाली, "तू कुनाचं वाईट केलं न्हाई, म्हनून देवानं राखलं." मग मास्तरांनी कुणाचं वाईट केलं होतं? मी सिस्टरना विचारलं.

त्या सलाइनची नळी चाचपत राहिल्या. "आमच्यात याला कृपा म्हणतात. कमाई नसताना मिळालेलं. तुम्ही चांगले म्हणून नाही, आणि हक्कानं तर नाहीच."

"मग त्यांना का नाही?"

"मला माहीत नाही, भाऊ. मीही विचारते त्याला."

मला रागच आला. काहीतरी चांगलं उत्तर हवं होतं.

आईनं मात्र परस्पर एक काम करून ठेवलं होतं. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून ती सिस्टरच्या देवाला कोकरू बोलली होती. "आपल्या देवांना तर बोलले व्हतेच," ती म्हणाली, "पन तिथं ड्युटी त्याची व्हती."

मी काठीवर चालू लागलो. सिस्टर सुट्टीला आल्याचं कळलं, तशी आई मला आणि कोकराला टेम्पोत घालून जुन्नरला त्यांच्या दारात घेऊन गेली.

"सिस्टरबाई, धरा. नवस फेडायचाय."

"आई, आमच्यात नवस नसतो. कोकरू देवानंच दिलंय आपल्यासाठी, केव्हाच, क्रुसावर. आता आपण द्यायचं काही राहिलं नाही."

"त्यानं दिलं? देव कुटं मेंढरं राखतो व्हय?"

"राखतो की."

आई हसली, मग एकदम रुसली. "म्हंजी फुकाटच? आमी काय भिकारी हाय का, बाई?"

"मीपण भिकारीच आहे, आई. या, चहा घ्या."

चहा होईपर्यंत कोकरानं त्यांच्या कुंडीतला गुलाब खाल्ला. परतीच्या वाटेवर आईनं कोकरू मांडीवर घेतलं होतं. घर जवळ आल्यावर म्हणाली, "बोललेलं जनावर माघारी आनलं. आता ह्याचं करायचं काय?"

मागच्या आठवड्यात मी सिस्टरना पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय रूथ सिस्टर,

स. न. वि. वि. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. काचेची भांडी उचलायला भीती वाटते.

पेठवरून एसटी जाताना मी खिडकीबाहेर बघत नसे. परवा मात्र उतरलो आणि मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीपुढं उभं राहणं फार अवघड गेलं. मी वाचलो याचीच लाज वाटत होती. तिनं एवढंच विचारलं, "बाबांना ऐकू येत होतं का हो?" मी सांगितलं, हो, येत असणार, मला येत होतं. सिस्टर त्यांच्याशीही बोलायच्या, ढग आल्याचं त्यांनाही सांगायच्या. ती खूप रडली. मग मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तुम्ही "माहीत नाही" म्हणालात त्याचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तुम्ही दुसरं काही म्हणाला असतात तर तिच्या दारात मला उभं राहता आलं नसतं.

कोकरू मोठं झालंय. आई ते विकत नाही, कापू देत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "ते कुनाचं देनं लागत न्हाई." स्वतःबद्दल तसं म्हणायची माझ्या मनाची अजून तयारी नाही. सकाळी जाग येते तेव्हा वाटतं, हा श्वास माझ्या हक्काचा नाही.

तरी घेतो.

आपला,
दत्ता