तीन दगड पाण्याखाली

त्या बाईचा जबाब आजही मला शब्दन् शब्द पाठ आहे, आणि आठवला की छाती फुगते! पाय मोडल्यामुळे चौतिशीतच पोलीस खात्यातून वैद्यकीय निवृत्ती घ्यावी लागली, त्यामुळे ही गोष्ट काही फार जुनी नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. अकोला जिल्ह्यातलं एक धरण, एवढंच पुरे.

श्रावण चालू होता. ठाण्यात फोन आला, धरणाकाठच्या फार्महाऊसचं तारेचं कुंपण एक बाई तोडून राहिली, लवकर या. मी बीट हवालदाराला मागे बसवून बाईक काढली. वाटलं, पोचेपर्यंत बाई पळालेली असेल. कुठली पळते! तुटलेल्या तारेजवळ बसून जाळ्याचा गुंता सोडवत होती. पक्कड बाजूलाच. पन्नाशीची, डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासेमारी करणारी.

"काकू, हे तुम्ही केलं?"

"हो, म्याच तोडलं. लिवा."

"काहून तोडलं?" हवालदारानं विचारलं.

"माहा डोंगा इथं लागते, काहून म्हन्ता! बाकी साऱ्या काठाले मांडीइतका गाळ हाय. या एकाच उतारावर मुरूम हाय. वीस वर्सं इथूनच पान्यात उतरून राह्यलो आमी. यानं तार ठोकली, आता मी का उडत जाऊ?"

तेवढ्यात फार्महाऊसचे मालक कागद घेऊन आलेच. "साहेब, सातबारा बघा. सरकारी हद्दीचे दगड तिकडे खाली आहेत. माझं कुंपण त्यांच्या वर आहे."

आणि खरंच होतं की! धरण काठोकाठ भरलं की पाणी जिथपर्यंत येतं, त्या रेषेवर पाटबंधारे खातं दगड रोवतं. दगडांच्या खाली सरकारी, वर खासगी. कुंपण वरच होतं. म्हणजे बाईच चुकली. मी गुन्हा दाखल केला, तिला नोटीस दिली आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला बोलावलं.

ती यायच्या आधीच वरच्या साहेबांचा फोन. "बाईकडून माफीनामा घे, पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही म्हणून. मिटवून टाक." ती आल्यावर मी कागद तिच्यापुढे सरकवला.

"सही करा आणि घरी जा."

"अन् डोंगा?"

"दुसरीकडे लावा."

"दुसरीकडं गाळात रुततो. मंग खाऊ काय? सायेब, तार तोडली हे कबूल. जेलात टाका. पन चूक झाली असं मी लिवून देनार नाई."

"अहो, दगडच तुमच्या विरोधात आहेत ना!"

ती हसली. "त्या दगडायले उन्हाळ्यात पाय फुटले. तुमी असं करा, धरण भरू द्या. धरण भरलं का साऱ्या दगडायचे पाय संगच ओले व्हतात. एकाचे घोटे अन् एकाचं डोस्कं, असं नाई व्हत. पानी कोनाकडून झुकत नाई बाप्पा!"

मी खुर्चीतून उठलोच! पाण्याची पातळी सगळीकडे सारखी, हे शाळेतलं विज्ञान, आणि मी सातबारा वाचत बसलो होतो! मोजणीची तारीख लवकर मिळत नव्हती. ठरवलं, थांबायचं.

साहेबांचा फोन रोज. "माफीनाम्याचं काय झालं?"

"सर, तपास चालू आहे."

"कशाची वाट बघून राहिला तू?"

"पाण्याची, सर."

मग खूप काही ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, सर, लेखी आदेश द्या. लेखी आलं नाही. असलं कधी लेखी येत नसतं.

गणपती उठले आणि धरण सांडव्यावरून वाहायला लागलं. आम्ही सगळे काठावर गेलो. पाटबंधारे खात्याचा अभियंता, दोन पंच, मालक आणि बाई. उजवीकडच्या दगडांच्या बुडाला पाणी टेकलेलं. डावीकडेही तसंच. आणि फार्महाऊससमोर? दगडच नाहीत! बाईनं डोंगा पाण्यात घातला, बांबू टोचत शोधले. एक, दोन, तीन. पार पाण्याखाली, एका रांगेत. कुंपणाचे खांब पाण्यात, आणि हिरवळीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या तरंगून राहिल्या होत्या!

मालक म्हणाले, "पुरानं वाहून आले असतील."

"वाहत आले, अन् मंग रांगेत उभे राह्यले?" बाई डोंग्यातूनच ओरडली. "पोलीस भरतीले आले व्हते का?"

पंचनाम्यावर सही करताना अभियंत्यालाही हसू आवरत नव्हतं. मग उन्हाळ्यात फार्महाऊसवर काम केलेला जेसीबीवाला शोधून आणला. धमकावलं नाही, नुसता पंचनामा वाचून दाखवला. दहा मिनिटांत म्हणाला, "मालकानं सांगतलं तवा उपटून खाली रोवले सायेब." सरकारी हद्दीची खूण हलवल्याचा गुन्हा मालकावर लागला आणि बाईचा गुन्हा बंद करण्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला.

इथे मी चुकलो, तेही सांगतो. खातं कुंपण काढायच्या आत मालक ठाण्यात आले, एकदम गोड. फाटक ठेवतो, बाईंना फोटो लावून कार्ड देतो, सकाळी येऊ द्या. मला बरंच वाटलं! बाईला बोलावून म्हटलं, काकू, घ्या, कटकट मिटेल.

"फाटक कोनाचं?"

"त्यांचं."

"चाबी कोनापाशी?"

"त्यांच्यापाशीच."

"मंग रस्ता माहा कसा? अन् गावातले ढोरं पान्यावर येतात, त्यायलेबी कार्ड देते का हा? म्हशीचा फोटो कोन काढन?"

हवालदार खो खो हसला. मला हसता आलं नाही. पोलीस पहिला प्रश्न विचारतो, कुणी तोडलं. त्याच्या आधीचा प्रश्न असतो, हे इथे उभं कुणी केलं. तो मी विचारलाच नव्हता. आणि परवानगी द्यायला निघालेला माणूस देण्याआधीच मालक होऊन बसतो, हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं, त्या बाईनं शिकवलं.

कुंपण बंदोबस्तात निघालं. खटला अजून चालू आहे. मधूनमधून निरोप येतात, आता कशाला खेटे घालता, साक्षीत जरा नरम बोला. मी समन्सची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवतो, ठरल्या वेळेच्या तासभर आधी कोर्टात जाऊन बसतो आणि पंचनाम्यात आहे तसंच, मोठ्यानं बोलतो. आता मला फोन करून झापायला वर साहेबही उरले नाहीत!