डावीकडून तिसरे गोणपाट

रघू आगिवले टोकावड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीत जन्मला आणि एकविसाव्या वर्षी शहापूरकडच्या एका कारखान्यावर रखवालदार म्हणून लागला. तिथल्या पाच वर्षांत त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक, संध्याकाळच्या कराटे वर्गाची शिस्त. दुसरी, क्षयाने अंथरूण धरले तेव्हा उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्या एका नर्सबाईंकडून झालेली ख्रिस्ताची ओळख. बाहेरच्यांना या दोन गोष्टींचा मेळ बसत नसे. रघूला त्यांत फरकच दिसत नसे. हात उचलण्याआधी मन निवायला हवे, असे वर्गात सांगत. बोलण्याआधी गप्प व्हायला हवे, असे बाई सांगत. स्थिर होणे त्याला जमले, आणि जगात आपल्याला जमणारी ही एकच गोष्ट आहे अशी त्याची खात्री झाली.

१९९६ मध्ये काळा पट्टा घेऊन तो वाडीवर परतला. तेव्हा वाडीत विश्वासी, म्हणजे ख्रिस्ताला मानणारी, घरे सात होती. दर रविवारी म्हाताऱ्या लखमाच्या पडवीत ती प्रार्थनेला जमत. देवीच्या जत्रेत ही घरे नारळ फोडत नाहीत म्हणून खालच्या कुणबी गावाशी थोडी तेढ होती; तरीही त्याच गावाने आपले पडीक भाताचे गोदाम रघूला वर्गासाठी दिले. कारण साधे होते. पोरेपोरी टोकावड्याच्या शाळेत चालत जात, वाटेवर ढाब्यांची वर्दळ वाढली होती, आणि पोरींना स्वतःला सांभाळता यावे असे आईबापांना वाटे.

खालच्या गावातला कुंडलिक आपल्या बारा वर्षांच्या लेकीला, प्रियांकाला, घेऊन आला तेव्हा दारातच म्हणाला, "सर, पोरीला लाथा शिकवा. देवबिव नको."

"देव रविवारी. इथं लाथाच."

"आन् लागलं तर?"

"लागंल की. लागल्याबिगर लाथ कशी कळायची?"

कुंडलिक हसला. रघूने शब्द पाळला. गोदामात त्याने कधी ख्रिस्ताचे नाव उच्चारले नाही. पण वर्गाच्या शेवटी एक रीत होती. मुलांनी गोणपाट अंथरून टाचांवर बसायचे, डोळे मिटायचे आणि दहा मिनिटे हलायचे नाही. "मुंगी चावली तरी हलायचं नाय," हे पहिल्या दिवशीच बजावलेले असे. मुले डोळे मिटून असत. रघू उघडे ठेवी. डावीकडून उजवीकडे एकेका चेहऱ्यावर नजर ठेवून तो मनातल्या मनात त्या मुलासाठी प्रार्थना करी. हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. आठवड्यातली त्याची सर्वांत निर्मळ वेळ तीच होती.

१९९९ च्या ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी तो तिसऱ्या गोणपाटापाशी आला. तिथे प्रियांका बसली होती. तिचे नाव मनात घेतले तोच तिची टाच आखडलेली आणि खांदा किंचित वर उडालेला त्याला दिसला. तिने ओठ उघडले.

"प्रियांका. स्थिर."

ती स्थिर झाली. रघूची नजर चौथ्या मुलाकडे गेली. दहा मिनिटे संपली तेव्हा त्याने तिला मुद्दाम शाबासकीही दिली. ती लाजली, आणि कोपऱ्यात गोणपाटांचा ढीग रचून इतर मुलांबरोबर घरी गेली.

पहाटे तिच्या पोटात कळा आल्या, पापण्या उचलेनात. जीप मिळून मुरबाडला पोहोचेपर्यंत तिचा श्वास थांबला होता. डॉक्टरांनी घोट्याजवळचे दोन बारीक ठिपके दाखवले. मण्यार, ते म्हणाले. हिचा दंश मुंगीच्या चाव्यासारखा, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, त्याला कळतही नाही.

त्या रात्री प्रियांका जमिनीवरच झोपली होती. तिचा मामा मुक्कामाला आला होता आणि तिची आई हौसा हिने घरातली एकुलती खाट त्याला दिली होती.

तिसऱ्या दिवशी रघू गोदाम झाडायला गेला. ढिगातले एक गोणपाट उचलले तेव्हा त्याच्या दुमडीत काळीभोर, पांढऱ्या बारीक पट्ट्यांची मण्यार वेटोळे घालून होती. गोणपाटाच्या काठाला प्रियांकाने लाल दोऱ्याने आपले नाव घातले होते. रघूने हातातल्या काठीने एकाच घावात मण्यार मारली, मागच्या बांधावर खड्डा खणून पुरली, आणि माती थापून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण काहीतरी लपवले आहे.

सांगायचे धाडस त्याला तेव्हाच झाले नाही. गावात दुसरीच कथा रुजली होती. कुंडलिकची आई ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी, "भावाला खाट, लेकीला भुई! असली आय वैरिणीला नको." हौसा उत्तर देत नसे. कुंडलिक तिच्या हातचे पाणीही घेत नसे. दहाव्यानंतर तिला कायमची माहेरी धाडायचे ठरले होते.

रघू रोज प्रार्थनेला बसे. पूर्वी पाच श्वासांत निवळणारे मन आता निवळत नसे; त्याला स्वतःचाच करडा आवाज ऐकू येई. अखेर तो लखमाकडे गेला आणि सगळे सांगून मोकळा झाला.

लखमाने सुपारी कातरून तोंडात टाकली. "देवाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग झालं. त्याच्यावर कोनची कचेरी हाय?"

"काका, हौसावयनी भोगते ती शिक्षा माझी हाय."

"आन् उद्या गाव वाडीवर आलं म्हंजी? 'किरिस्तावानं पोर मारली' म्हनतील. सात घरं हायेत, रघू. लहान लेकरं हायेत. तुझ्या एकट्याच्या जिवाला थंडावा म्हनून आमाला आगीत घालतो काय?"

लखमा भित्रा नव्हता, खोटाही नव्हता. त्याचे भय खरे होते. दोन दिवस रघू वाडीतून खाली उतरला नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली उतरला. कुंडलिकच्या अंगणात हौसाचा भाऊ पत्र्याची पेटी घेऊन उभा होता, टोकावड्याहून एस.टी. धरायची होती. ओसरीवर म्हातारी, दारात कुंडलिक. रघूने चपला काढल्या आणि उभ्यानेच सांगितले. गोणपाट, दुमडीत सापडलेली आणि आपण मारलेली मण्यार, टाचेचे आखडणे, आपण दिलेली ताकीद.

कुंडलिक पायरी उतरून आला. "मारलीस ती कुठं हाय?"

"पुरली."

"का पुरलीस?"

"भ्यालो."

कुंडलिकचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. "आमच्या गावात परत पाय ठेवू नको, रघ्या. तू नाय, आन् तुझ्या त्या वाडीचं कोनी नाय."

हौसा पुढे आली. दहा दिवसांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"सर, ती काय बोलली?"

"बोलणार होती. मी बोलू दिलं नाय."

"मग दहा मिनिटं तशीच बसली?"

"हो."

"तुमचे डोळे मिटलेले होते?"

'हो' म्हणणे सोपे होते. "नाय, वयनी. मी बघत होतो."

हौसाने मान हलवली, जणू तिला हवे ते मिळाले. कुंडलिक चाचरत म्हणाला, "हौसे, पेटी आत ने." तिने त्याच्याकडे पाहिले नाही. भावाच्या हातातली पेटी स्वतः घेतली आणि टोकावड्याच्या रस्त्याला लागली. ती त्या घरात परत आली नाही.

लखमाचे भाकीत अर्धे खरे ठरले. जाळपोळ झाली नाही. पण खालच्या गावाने वाडीला लावणी-कापणीची कामे देणे बंद केले, आणि दोन पावसाळ्यांत सातांपैकी चार घरे वीटभट्ट्यांकडे निघून गेली. लखमा मरेपर्यंत रघूशी बोलला नाही. रघूने कराटेचा वेश पुन्हा अंगात घातला नाही; एका ढाब्यावर तो पाणी भरू लागला.

कल्याणहून प्रार्थना चालवायला येणारे पाळक, म्हणजे पाद्री, कधीकधी त्याला साक्ष द्यायला, देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला, उभे करत. साक्षीची एक घडण असते: आधी अंधार, मग देवाचा हात, शेवटी स्तुती. लोक त्या शेवटाची वाट पाहत हात अर्धवट उचलून बसलेले असत. रघू उभा राही, मुलीचे नाव सांगे, तिची टाच कशी आखडली ते सांगे, मी पाहिले म्हणे, आणि खाली बसे. पाळक हळूच सुचवत, "आणि मग, रघूभाऊ, प्रभूने काय केले?"

"ते मला अजून कळलं नाय," तो म्हणे.

२००४ नंतर त्याला साक्षीला बोलावणे बंद झाले. प्रार्थनेला मात्र तो येतच राहिला. दाराजवळ बसे, डोळे उघडे ठेवून.