दाराआडचा टिळा

जीबछ साहनं काठमांडूत जन्मात कधी धोतर नेसलं नाही. निळी पँट, वर शर्ट, थंडीत कुणीतरी दिलेलं जुनं जाकीट. तरी पिपलबोटच्या गल्लीत त्याचं नाव धोती. लाडात असले की भैया, चिडले की मधिसे, म्हणजे दक्षिणेच्या सपाटीवरच्या मधेशातला, आणि पिकलेली पपई नीट निवडून हवी असली की जीबछ भाइ. याचं त्याला फारसं काही वाटायचं नाही. नाव ठेवल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत, असं तो म्हणायचा. त्याला डाचायचा तो दुसराच प्रश्न.

"इंडियातून कधी आलास रे?"

"सिराहाचा आहे मी."

"तेच ते. इंडियाच की."

आता सिराहा नेपाळात आहे हे काय जीबछनं ठरवलं होतं? त्याच्या आज्याची राख कमला नदीत गेली, आज्याच्या बापाचीही तिथंच. पण डोंगरातल्या माणसाला सपाटीवरचा काळा माणूस दिसला की तो पलीकडचाच. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी जीबछनं सांगणं सोडलं आणि केळी विकणं चालू ठेवलं.

सायकलच्या मागं मोठी टोपली, तीत फळं, टोपलीवर निळं प्लास्टिक. भल्या सकाळी मंडईतून माल उचलायचा आणि दुपारपर्यंत गल्ल्या फिरायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. पण या सगळ्या शहरात त्याची म्हणावी अशी एकच जागा होती. पिपलबोटच्या गल्लीतलं, पिवळ्या फाटकाचं रमला बस्नेतचं अंगण.

ते असं झालं. रमलाचा एकुलता एक भाऊ मलेशियात कामाला गेला आणि पेटीतून परत आला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला, म्हणजे त्यांच्या भाइटिकेला, ती अंगणात पाट मांडून नुसतीच बसली होती. समोर सात रंगांची ताटली, तेलाची वाटी, मखमलीच्या फुलांची माळ, आणि पाट रिकामा. जीबछ अक्रोड विकत दारात आला. भाइटिकेला अक्रोड लागतोच. बहीण भावाभोवती तेलाची धार धरून फिरते, यमाला ती धार ओलांडता येत नाही, आणि मग उंबऱ्यावर अक्रोड फोडते, म्हणजे यमाचं डोकंच फुटलं म्हणायचं. रमलानं अक्रोड घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ए भाइ, घाईत आहेस का?"

"नाही दिदी."

"मग बस इथं."

तो बसला. सगळी गल्ली फाटकातून बघत होती. सासू जिन्यातून पुटपुटली की ह्याची जात तरी विचार. रमला म्हणाली, "यम विचारतो का जात?" आणि कपाळावर सातही रंगांचा उभा टिळा काढला. दुसऱ्या वर्षी पाट त्याच्यासाठीच मांडला. मग तो रिवाजच पडला. जीबछ टिळा लावून, गळ्यात माळ घालून दिवसभर फळं विकायचा. ती मखमलीची जांभळी माळ वाळली तरी रंग सोडत नाही. तो ती सायकलच्या दांड्याला बांधायचा, आणि पुढच्या वर्षीची येईपर्यंत ती तिथंच असायची.

मग एका वसंतात भूकंप झाला. गल्लीतली घरं उभी राहिली, पण भिंतींना अशा चिरा गेल्या की आत झोपायची कुणाची छाती होईना. सगळे शाळेच्या मैदानात आले, आणि वरून पाऊस. जीबछनं टोपलीवरचं निळं प्लास्टिक सोडलं, खोलीतलं दुसरं आणलं, बांबूंना ताणून बांधलं. टोपलीतली केळी वाटून टाकली. त्या छपराखाली रमला झोपली, तिची सासू झोपली, आणि कोंबड्यांचं दुकान चालवणारा टेकबहादूर जीबछच्या पायाशी डोकं ठेवून घोरला. हा टेकबहादूर गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. तो तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "धोती असला तरी आपला आहे हो."

जीबछला त्या वाक्यातलं 'आपला' तेवढं ऐकू आलं. वेडाच तो. धक्के थांबल्यावर प्लास्टिक टेकबहादूरच्या दुकानावर गेलं आणि तिथंच राहिलं. जीबछनं मागितलं नाही. आपल्या माणसाकडं काय मागायचं?

पावसाळा सरता सरता खाली मधेशात पेटलं. नव्या राज्यघटनेत आम्हाला जागा कुठं आहे, असं म्हणत लोक रस्त्यावर आले. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. मग भारताच्या सीमेवरचे नाके बंद झाले आणि काठमांडूत गॅस येईना, पेट्रोल येईना, औषधं मिळेनात. नाके कुणी बंद केले यावर मोठमोठी माणसं वाद घालत होती. गल्लीला वाद घालायची गरज नव्हती. गल्लीकडं जीबछ होता. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, तर वांगं रोज सकाळी स्वतःहून दारात येत होतं.

सुरुवात थट्टेनं झाली. गच्चीवर लाकडं फुंकता फुंकता एखादी बाई ओरडायची, "ए भैया, तुझ्या मामाला सांग, नाका उघड म्हणावं." जीबछ हसायचा. पुढं थट्टा आटली. लोक घासाघीस करीनासे झाले, ही वाईट खूण. जो घासाघीस करतो त्याला माल हवा असतो. हे नुसतेच सायकलीकडं बघत उभे राहायचे. एकानं पेरू उचलला, दाताखाली दाबला, थुंकला आणि पैसे न देता गेला. जीबछ काही बोलला नाही. तो बोलला नाही याचीही त्यांनी नोंद घेतली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तिघांनी तेच केलं.

जीबछच्या खोलीत सहाजण राहायचे, सगळे खालचेच. एक भाजीवाला शेजारच्या वस्तीतून रक्ताळलेला परत आला. त्याची सायकल नाल्यात टाकली होती, संत्री पायाखाली तुडवली होती. सकाळी तो वळकटी बांधून गेला. त्याच्यामागं दुसरा गेला. खोली मोठी वाटायला लागली.

गावाहून थोरल्या भावाचा फोन आला. "आमच्यावर इथं गोळ्या चालल्यात आणि तू त्यांना पपया चार. लाज वाटू दे."

"इथंही काही आरती ओवाळत नाहीत मला."

"मग ये ना परत. कशाला राहिलायस?"

जीबछनं फोन ठेवला. भाऊबीज झाल्याशिवाय येत नाही, असं सख्ख्या भावाला सांगायचं तरी कसं? पण खरं तेवढंच होतं. बाकीची गल्ली गेली खड्ड्यात, दिदी यंदा पाट मांडते की नाही, हाच एक घोर त्याला लागला होता. तिनं मांडला तर हे शहर त्याचं. नाही मांडला, तर लोक आजवर विचारत आलेत तेच खरं, तो इंडियातून कधीतरी आला होता.

रमला हल्ली दारात येत नव्हती. मागच्या खिडकीतून टोपली सोडायची, त्यात पैसे, वर चढताना त्यात फळं. एकदा तो खालून म्हणाला, "दिदी, अक्रोड राखून ठेवलेत." ती म्हणाली, "हळू बोल." एवढंच.

त्याचं कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुठूनतरी मिळणारे चार-दोन सिलिंडर आता मंडळ वाटत होतं, आणि मंडळ म्हणजे टेकबहादूर. मंडळानं ठरवलं होतं की नाका उघडेपर्यंत मधिसेकडून काही घ्यायचं नाही, त्यांना घरात घ्यायचं नाही. ज्यानं घेतलं त्याचं नाव सिलिंडरांच्या यादीतून गेलं. रमलाची सासू दम्याची, लाकडाच्या धुरानं रात्रभर खोकायची. तिला गॅसच्या त्या निळ्या ज्योतीची गरज होती, हे जीबछलाही कळत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

भाइटिकेचा दिवस उजाडला. मुहूर्त रेडिओवर सांगितला. जीबछनं दाढी केली, दिदीसाठी घेतलेलं लुगडं पिशवीत घातलं, निवडक अक्रोड घेतले आणि गल्लीत शिरला. घरोघरी अंगणात भाऊ बसलेले, सगळीकडं तेलाचा आणि तांदळाच्या पिठाच्या सेलरोट्या तळल्याचा वास. त्याला बघून बोलणी थांबायची, तो पुढं गेला की पुन्हा सुरू व्हायची. कोंबड्यांच्या दुकानापुढं, त्या निळ्या प्लास्टिकखाली, टेकबहादूर आणि दोघे-तिघे बसले होते. त्यांच्या कपाळांवर ताजे टिळे होते. टेकबहादूरनं फक्त मान वळवून तो कुठल्या फाटकाशी थांबतो ते बघितलं.

अंगणात पाट नव्हता.

जीबछ सायकल धरून उभा राहिला. परत फिरायचं त्याच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात घराचं दार बोटभर उघडलं. "मागून ये. लवकर," रमला म्हणाली.

तो आत गेला. तिनं कडी लावली, खिडकी ओढून घेतली. कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपाशेजारी, पाट मांडला होता. मांडला होता ना. कुठं का असेना.

तिनं तेलाची धार धरून फेऱ्या घातल्या. जागा इतकी अरुंद की तिची पाठ भिंतीला घासत होती. मग अक्रोड फोडायची वेळ आली. उंबऱ्याकडं तिनं एकदा बघितलं आणि अक्रोड फडक्यात गुंडाळला, म्हणजे आवाज जाऊ नये. वरवंट्यानं हळूच दाबला. तो फुटला की नुसता चिरला, कळलं नाही.

"दिदी, उंबऱ्यावर फोडतात ना?"

"यंदा इथंच."

सातही रंग तिनं एकेक करून लावले. हिरवा जरा तिरपा गेला. माळ घातली. त्यानं लुगडं पुढं केलं, पाया पडला. तिनं दोन सेलरोट्या कागदात बांधून दिल्या, आणि तो दाराशी गेल्यावर खाली बघत म्हणाली, "भाइ, बाहेर जायच्या आधी ते पूस. माळ पिशवीत टाक. माझी शपथ."

जीबछनं माळ पिशवीत टाकली. कपाळाकडं नेलेला हात मात्र तसाच खाली आला. आजवर दिदीचा त्यानं एकही शब्द मोडला नव्हता, तिनं शपथ घालूनसुद्धा हा मोडला. त्याला वाटलं, एवढं तरी माझं असू दे.

दुकानापुढं चौघे आता उभे होते. एकानं सायकलीचा दांडा धरला.

"वा. धोतीनं टिळा लावला," टेकबहादूर म्हणाला. "कुणी लावला रे?"

किती वर्षं त्याच टिळ्यानं जीबछ याच दुकानावरून गेला होता, आणि याच टेकबहादूरनं त्याच्याकडून प्रसाद म्हणून सेलरोटी मागून खाल्ली होती. त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला ते जीबछच्या तोंडून हवं होतं, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं.

रमलाची वरची खिडकी अर्धी उघडली होती. पडद्यामागं ती उभी होती. जीबछला तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसल्या.

"विचारतोय मी. कुठल्या घरातल्या बाईनं लावला?"

"कुणी नाही," जीबछ म्हणाला. "माझा मीच लावला. आरशात बघून."

"म्हणजे बहीण नाही तुला इथं?"

"नाही. काठमांडूत मला कुणी बहीण नाही."

ते हसले. भाऊबीजेचा टिळा स्वतःच लावणारा माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. टेकबहादूर हसला नाही. तो वर खिडकीकडं बघून, सावकाश म्हणाला, "मग पूस. स्वतः लावलायस, स्वतःच पूस."

जीबछ वर बघत राहिला. तिनं एक शब्द बोलावा, असं त्याला फार वाटत होतं. आणि बोलू नये, असंही तेवढंच वाटत होतं, कारण आत म्हातारी खोकत होती. बांगड्या पडद्याला लागून जरा वाजल्या. मग खिडकी आतून बंद झाली.

तो टिळा तांदळाच्या खळीवर लावलेला असतो, सहज निघत नाही. बाहीनं पुसला तर रंग पसरले. नखानं खरवडावा लागला. चौघे शेवटपर्यंत उभे होते. कुणी त्याला बोट लावलं नाही, टोपलीतलं एक केळंही घेतलं नाही. पुसून झाल्यावर दांडा सोडला. त्या रात्रीच्या बसनं तो काठमांडूतून निघाला.

पुढं नाके उघडले. पिपलबोटच्या गल्लीत दुसरा फळवाला यायला लागला. तो खरोखरच सीमेपलीकडचा, दरभंग्याचा. त्यालाही सगळे धोती म्हणतात, त्याच्याशी घासाघीस करतात, आणि पपई हवी असली की भाइ म्हणतात. फरक कुणाला पडला नाही.

जीबछ आता गावाजवळच्या महामार्गावर पेरू विकतो. पुढच्या भाइटिकेला दुपारी त्याचा फोन वाजला.

"भाइ," रमला म्हणाली. "अंगणात पाट मांडलाय. दार सताड उघडं आहे. अक्रोड उंबऱ्यावर फोडला, सगळ्यांदेखत. तुझ्या नावानं."

जीबछच्या गाड्याला मागल्या वर्षीची माळ बांधलेली होती. रंग तसाच होता. तो ती बोटांनी चाचपत राहिला.

"मला काठमांडूत बहीण नाही, दिदी," तो म्हणाला. "तुम्ही ऐकलंत की खिडकीतून."

फोन तसाच चालू होता. तिच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, एकामागून एक. गॅस आला होता तर.