टाकीत ओतलेलं औषध

आमची पिकअप चढावर काळा धूर सोडायला लागली तेव्हा मला मनातून आनंद झाला होता. शिंप्याच्या घरात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला आपली पदवी वापरायची संधी वर्षानुवर्षं मिळत नाही. गणवेशाला काजं करायला रसायनशास्त्र लागत नाही, आणि बटणं लावायला तर नाहीच. धूर मात्र माझ्या विषयात बसत होता.

म्हैसुरात आमचं शाळांचे गणवेश शिवायचं काम. आजोबांच्या वेळी एक मशीन होतं, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याची सहा केली. शिवलेला माल हुणसूर, पिरियापट्टण, बेट्टदपुर इकडच्या शाळांना पोचवायला त्यांनी डिझेलवरची पिकअप घेतली, आणि ती चालवायला एक ड्रायव्हर ठेवला. तो पिरियापट्टणजवळच्या खेड्यातला, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. आम्ही घरात मराठी बोलायचो आणि तो कन्नड, पण आमच्या मराठीत निम्मं कन्नडच असल्यामुळे कुणाचं काही अडत नसे. आठ वर्षं त्यानं ती गाडी चालवली. शाळांचे हेडमास्तर मला ओळखत नव्हते, त्याला ओळखत होते. कुठल्या शाळेत कुणाचा सदरा आखूड झाला, कुणाची चड्डी सैल झाली, हे सगळं तो तोंडपाठ घेऊन यायचा.

धुराबद्दल पहिल्यांदा त्यानंच सांगितलं.

"चिक्क यजमानरे, एअर फिल्टर बदलू या. आमच्याकडची तंबाखूची धूळ अन् आपल्या कापडाचे तंतू, सगळं त्यातच बसलंय."

चिक्क यजमानरे म्हणजे धाकटे मालक. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, पण आप्पा दुकानात बसत होते तोवर मी धाकटाच राहणार होतो.

एअर फिल्टर बदलणं मला फारच साधं वाटलं. ते कुणीही सुचवलं असतं. मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. तिथं काउंटरमागे डिझेलमध्ये घालायच्या औषधांची रांगच होती. एक इंजेक्टर साफ करणारं, एक डिझेल लवकर पेटावं म्हणून, एक टाकीतलं पाणी काढणारं, आणि एकावर नुसताच उधळलेला घोडा. मी एकेक बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचत उभा राहिलो. दुकानदार दोनदा येऊन "काय पाहिजे सार" विचारून गेला. शेवटी मी इंजेक्टर साफ करणारी बाटली घेतली, कारण तिच्यावर सगळ्यात लांबलचक रासायनिक नाव होतं आणि ते मला न अडखळता वाचता आलं. निवडीमागचं शास्त्र एवढंच होतं.

बाटलीवर लिहिलं होतं, भरलेल्या टाकीला एक. आमची टाकी कधीच भरलेली नसायची. आप्पा त्या त्या खेपेपुरतंच डिझेल भरायला सांगत. म्हणजे पाव बाटली पुरली असती. पण शाळेचे कपडे शिवणाऱ्यांचा हात वेगळाच असतो. पोर वाढलं की उसवून मोठं करता यावं म्हणून आम्ही शिवणीत दोन बोटं कापड जादा सोडतो, त्याला माया म्हणतात. लहानपणापासून कुठलंही माप घेतलं की त्यात थोडं वाढवायचं, हे अंगवळणी पडलेलं. कमी पडलं तर बोंब, जादा झालं तर कुणाचं काय बिघडतं? मी दर खेपेला सबंध बाटली ओतत होतो.

ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी बाटलीचं झाकण नाकाशी धरलं.

"सीमेएण्णेचा वास येतोय."

रॉकेलला आमच्याकडे सीमेएण्णे म्हणतात. मी त्याला समजावलं, की औषध पातळ करायला द्रावक वापरतात, त्याचा तो वास, आणि वास सारखा आला म्हणून वस्तू एकच आहे असं होत नाही. चांगली पाच मिनिटं मी बोललो. तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि त्यानं टाकी बंद केली.

आप्पांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मशीनला तेल पुरतं, माणसाला जेवण पुरतं, बाटलीतलं औषध दोघांनाही नको, असं त्यांचं मत. म्हणून बाटल्या मी कपाटात खडूच्या खोक्यांमागे लपवून ठेवायचो आणि आप्पा घरी जेवायला गेले की टाकीत ओतायचो.

धूर काही कमी झाला नाही. मार्चच्या शेवटी गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, आणि एके दिवशी बेट्टदपुरच्या अलीकडे रस्त्यातच बसली. ती ओढून आणली. मेकॅनिकनं डिझेलचा पंप खोलला, आतलं बोटाला लावून चोळलं आणि आप्पांना विचारलं, "सीमेएण्णे घालताय काय यात? वंगणाविना कोरडा चालून चालून पंप खलास झालाय."

टाकीतलं डिझेल काढून विकायचं आणि तेवढं रॉकेल भरून ठेवायचं, ही युक्ती त्या भागात सगळ्यांना माहीत होती. मेकॅनिकनं कुणाचं नाव घेतलं नाही, आणि गाडी एकाच माणसाच्या हातात असल्यामुळे आप्पांना ते विचारावंसं वाटलं नाही.

आता आप्पांच्या चिंध्यांबद्दल सांगायला हवं. जगात कशावरही नसेल एवढा त्यांचा कापडावर विश्वास. तूप, खोबरेल, मशीनचं तेल, काहीही आणलं की पांढऱ्या पॉपलिनच्या चिंधीवर ते एक थेंब टाकत. तो कसा पसरतो, कडेला काय उरतं, किती वेळात वाळतो, वाळल्यावर वास कसला येतो, हे बघून निकाल देत. एका तूपवाल्याला त्यांनी असंच पकडलं होतं. तेव्हापासून आमच्या गल्लीतली माणसंही वाटीत तेल घेऊन त्यांच्याकडे येत, आणि आप्पा हातातलं काम टाकून चिंधी काढत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन चिंध्या मांडल्या. एकीवर पेट्रोल पंपावरून आणलेल्या डिझेलचा थेंब, दुसरीवर आमच्या टाकीतल्या. मशीनं थांबली. दुकानात मी सोडून सहा माणसं होती, आणि दारात ड्रायव्हर उभा होता. अर्धा तास थेंब वाळायची वाट बघण्यात गेला. मग आप्पांनी दुसरी चिंधी उचलून माझ्या हातात दिली.

"इकडं बघ, हे बेगा वाळलं. कडेला तेल म्हणून नाही. वास घे नोडू."

लवकर वाळलं, वास घेऊन बघ, असं ते म्हणत होते. मी वास घेतला. तो माझ्या बाटलीचा वास होता. पुरावा देता आला नसता, पण माझ्या नाकाला ते कळलं, ह्यात मला शंका नाही. महिनाभर मी तो वास हाताला लावून जेवायला बसत होतो.

"सीमेएण्णेसारखाच आहे," मी म्हणालो.

"रेशनचं सीमेएण्णे निळं असतं, यजमानरे," ड्रायव्हर दारातून म्हणाला. "डाग निळा आहे काय?"

"पांढरंपण मिळतं," आप्पा म्हणाले.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी चिंधीची घडी घालत होतो. चार बोटांची चिंधी, तिला कसली घडी, पण मी ती नीट घातली. आप्पांनी त्याला कन्नडात सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. आठ वर्षांत आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

तीन दिवसांनी दुपारी दुकान रिकामं असताना मी पेट्रोल पंपावरचं डिझेल घेतलं, त्यात माझ्या हातानं पडायचं त्या प्रमाणात औषध घातलं आणि थेंब चिंधीवर टाकला. तो तसाच वाळला, तसाच वास आला. पंप नेमका कशानं गेला हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पण ज्या डागावरून त्याला काढलं तो डाग माझा होता. मी उरलेल्या बाटल्या फेकून दिल्या आणि गप्प बसलो. मला आप्पांची भीती वाटत होती. अडतीस वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, पण दुसरं काही कारण नव्हतं.

नवीन ड्रायव्हरनं आल्या आल्या एअर फिल्टर बदलला. धूर थांबला.

जून महिना आमच्या धंद्याचा, त्यामुळे माल घेऊन मीही गाडीबरोबर जात होतो. प्रत्येक शाळेत पहिला प्रश्न एकच, तुमचा तो ड्रायव्हर कुठाय? मी तोंड उघडायच्या आत नवीन ड्रायव्हर सांगून टाकायचा, "सीमेएण्णे घालत होता, काढून टाकलं." मी मापांची यादी काढायचो. पिरियापट्टणात चहाच्या दुकानात ऐकलं, की त्यानं तीन ठिकाणी गाडी मागितली आणि तिन्ही ठिकाणी नको म्हणाले. डिझेलचोर म्हणून नाव झालेल्या माणसाच्या हातात किल्ली कोण देणार? तो आता तंबाखू भाजायच्या भट्टीवर लाकडं फोडतो, असंही चहावाल्यानं सांगितलं.

हे ऐकल्यावर मला राहवेना. जुलैत मी बस पकडून त्या भट्टीवर गेलो. तो घामाघूम होऊन लाकडं रचत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुम्ही तिथंच होता. तुम्ही बोलाल म्हणून थांबलो."

मी क्षमा मागितली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इतक्या लांब येऊन सांगितलंत, बरं केलंत. पण मला काढलं तेव्हा सहाजण बघत होते. इथं कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनं थांबवायला सांगितली आणि दुकानात सगळ्यांसमोर बाटल्यांचं सांगितलं. काजं करणाऱ्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "आम्हाला तवाच कळलेलं. त्यानं बाटलीचं सांगितलेलं. मालकांच्या लेकाचं आम्ही कसं सांगायचं, होय का नाही?" आप्पांनी एवढंच विचारलं, "चिंधी हातात होती तेव्हा ठाऊक होतं तुला?" मी हो म्हणालो. ते उठले, त्यांनी चपला घातल्या. आम्ही पिरियापट्टणची बस पकडली.

भट्टीपाशी पोचल्यावर त्यांनी ड्रायव्हरपुढे हात जोडले आणि "तप्पायितु" म्हणाले, म्हणजे चूक झाली. देव्हाऱ्यातल्या विठ्ठलाशिवाय आप्पांना कुणापुढे हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. मला ते बघवलं नाही. कामावर परत ये, असं त्यांनी त्याला विनवलं. त्यानं हातातली लाकडं रचून संपवली.

"एक खेप करतो," तो म्हणाला. "मग बघू."

पंधरा ऑगस्टच्या कवायतीसाठी शाळांना पांढरे गणवेश लागतात. ते घेऊन आम्ही दोघं निघालो. वाटेत तो गाडी बरी चालते एवढंच बोलला. पहिल्या शाळेत शिपायानं त्याला विचारलं, "काय हो, इतके दिवस कुठं होता?" त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. मग मला कळलं की ही खेप कशाची आहे. मी सांगितलं. बाटल्या माझ्या होत्या, त्याचं नाव उगाच गेलं. दुसऱ्या शाळेत हेडमास्तरांना सांगितलं, तिसऱ्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत. चहाच्या दुकानाशी थांबायचं काही कारण नव्हतं, तिथंही त्यानं गाडी थांबवली, आणि मी चहावाल्याला सांगितलं. गाड्यांचे दोन मालक तिथं बसले होते, त्यांनीही ऐकलं.

बेट्टदपुरची शाळा शेवटची. तोवर मला ते सगळं जमायला लागलं होतं. लांबलचक नाव न अडखळता वाचलं म्हणून बाटली घेतली, हे मी तिथं पहिल्यांदा सांगितलं. हेडमास्तर मोठ्यानं हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. ड्रायव्हर गठ्ठे उतरवत होता.

संध्याकाळी म्हैसुरात दुकानासमोर त्यानं गाडी लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"सोमवारी येशील ना?" मी विचारलं.

"येणार होतो," तो म्हणाला. "बेट्टदपुरला तुम्ही ते हसत सांगितलंत."

तो बसस्टँडकडे चालत गेला. पुढं पिरियापट्टणात एका खतवाल्यानं त्याला गाडी दिली, असं कानावर आलं. त्या संध्याकाळी मात्र आत आप्पा वाट बघत बसले होते. "येतो म्हणाला काय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "का म्हणून?" मी म्हणालो, काही बोलला नाही.