खांद्यावरची बोटं

फोटो एडिटिंगचं काम करतो म्हटलं की तुम्हाला वाटणार, आता हा पोरींचे पिंपल्स काढल्याचे नाहीतर भावी नगरसेवकाला गोरं केल्याचे किस्से सांगणार. आहेत की! नगरसेवकाचा आवाजपण काढून दाखवीन. पण चाकणमधल्या आमच्या दुकानात निम्मं काम श्रद्धांजलीचं असतं राव, ते कोण सांगतंय?

त्या दिवशी एक दीर-भावजय आले. तिचा नवरा सेकंड शिफ्ट सुटल्यावर हायवेला कंटेनरखाली गेलेला. दहाव्याला फ्रेम हवी होती. फोटो मोबाइलवरचा, लग्नानंतरच्या पूजेतला, दोघांचा.

"फक्त आमच्या दादाचा ठेव," दीर म्हणाला आणि मांडववाल्याचा फोन आला म्हणून बाहेर गेला.

गेलेल्याच्या फोटोत जित्या माणसाचं बोटसुद्धा ठेवायचं नाही, हे मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. लोक अपशकुन मानतात. म्हणून मी भरपूर झूम करतो. स्पेसबार दाबून धरला की बाणाच्या जागी छोटा पंजा येतो, त्यानं फोटो धरून सरकवायचा. कान, मान, कॉलर. एवढ्या जवळून माणूस दिसतच नाही, नुसते रंगाचे चौकोन. बरं असतं ते. शिट्टी वाजवत काम होतं.

सरकवत खांद्यावर आलो तर चार बोटं. मेंदी. मागं हिरव्या बांगड्या.

"थांबा," ती म्हणाली. "तो माझा हात हाय."

मला एरवी कशावरही जोक सुचतो. मी तिच्या मनगटाकडं बघितलं. मोकळं होतं.

"काढावा लागतो वहिनी. सगळ्यांचाच काढतो."

"बांगड्या काढल्या. टिकली काढली. आमचा दोघांचा फोटो सासूबाईंनी भिंतीवरनं काढला." ती दाराकडं बघून हळू बोलत होती. "आता हाच लागणार भिंतीला. बोटं तेवढी राहू द्या ना, दादा."

मी बांगड्या खोडल्या. मनगट खोडलं. बोटांवरची मेंदी पुसून बोटं शर्टाच्या रंगात मिसळवली. झूम कमी करून बघितलं. माहीत असलेल्यालाच दिसतील, असं मला वाटलं.

दहाव्या दिवशी दुपारी दीर एकटाच आला, काखेत फ्रेम. "ही बोटं कुणाची रं? घाटावर आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं!"

मालकांनी माझ्याकडनं माऊस घेतला, बोटं काढली, नवीन प्रिंट दिली. तो जाईपर्यंत थांबले. मग माझ्याकडं वळले.

"तुला कुणी सांगितलं हुतं?"

"त्या वहिनीच म्हणाल्या..."

"ती म्हणणारच! पोरगी हाय ती, नवरा गेलाय तिचा. तुला अक्कल नको? तू इथं भला माणूस झालास अन् बसलास एसीत. तिकडं त्या घरात आता जन्मभर बोलणी कोण खाणार? तू?"