वच्छलाबाईंचा पहिला कुर्ता

घाटंजीजवळच्या गावातल्या वच्छलाबाईंनी साठीला टेकेपर्यंत कशालाच माप लावलं नव्हतं. मीठ चिमटीनं, पीठ ओंजळीनं, माणूस नजरेनं. अंदाज चुकला तर दोष मिठाचा. म्हणून त्या शिवणवर्गात जाणार म्हटल्यावर नवरा सदाशिवराव इतके हसले की तोंडातली सुपारी अंगणात पडली.

वर्ग समाजमंदिरात भरायचा. शिकवणारी शीला शेजारच्या तांड्यावरची, वयानं त्यांच्या सुनेएवढी, पण शिस्तीची. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, "मावशी, आधी कागद, मंग कापड. टेप, लांब पट्टी, गोलाईची पट्टी, खाकी कागद अन् खडू आना. कैच्या मात्र दोन. कागदाची कैची कापडाले लावाची नाई."

"एका घरात दोन सुना आनल्यावानी झालं हे," वच्छलाबाई म्हणाल्या.

बाजारातून त्यांनी सगळं आणलं, फक्त गोलाईची पट्टी सोडून. वाकडी वस्तू कायले विकत घ्यायची, घरी विळा हाये की! दुसऱ्या दिवशी बगलेची गोलाई आखायला त्यांनी कागदावर विळा ठेवून ओढला आणि कागदाचे दोन तुकडे झाले. गळ्यासाठी मग जेवायची ताटली आली. "मावशी, या गळ्यातून दोघं निघतीन," शीला म्हणाली आणि तिनं आपली पट्टी त्यांच्या हातात दिली.

व्याह्यांकडे लग्न होतं. त्यासाठी सदाशिवरावांचा कुर्ता स्वतः शिवायचा, असं बाईंनी ठरवलं. मापाला त्यांना ओसरीत उभं केलं.

"श्वास सोडा."

"सोडला."

"मंग पोट काहून तसंच हाये?"

टेपवरचा आकडा बोटानं धरून त्यांनी प्रत्येक माप दोनदा घेतलं, लांब पट्टीनं कागदावर आखलं, कापडावर खडूनं उतरवलं. कुर्ता तयार झाला तो लग्नाच्या सकाळीच, त्यामुळे घालून बघायला वेळ नव्हता.

मांडवात सदाशिवराव शिरले तर खांदे दंडावर उतरलेले, बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती. पाहणाऱ्यांचा जीव हळहळला. "भाऊ, लय वाळले! शुगर निघाली का?" एका बाईनं त्यांच्या पानातली बुंदी उचलून नेली. एकानं नागपूरच्या डॉक्टरचा नंबर दिला. नवरदेवाला आहेर द्यायला उठले, तर दोघांनी काखेत हात घालून त्यांना स्टेजवर चढवलं.

घरी आल्यावर ते कडाडले, "कुर्ता माह्या अंगात व्हता का मी कुर्त्यात, मलेच समजत नोतं!"

वच्छलाबाईंनी कुर्ता घडी करून शिवणाच्या सामानात ठेवला. जन्मात पहिल्यांदा अंदाज सोडून आकड्यावर भरवसा टाकला, आणि आकड्यानंच चारचौघांत नाक कापलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सामान शीलापुढे ठेवलं. "घे बाई. हे माह्यानं व्हत नाई."

शीलानं कुर्ता पाहिला, कागद तपासला. आखणी अगदी बरोबर. मग तिनं त्यांची टेप आपल्या टेपशेजारी ताणली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाईंच्या टेपला सुरुवातच नव्हती! एक आणि दोन हे आकडे कुणीतरी सफाईनं कापून नेले होते, त्यामुळे प्रत्येक माप दोन इंचांनी फुगलं होतं.

घरात कापाकापी करणारा माणूस एकच. विचारल्यावर सदाशिवरावांनी आधी आढ्याकडे पाहिलं.

"टॉर्चमधला सेल हालत व्हता. टेपच्या टोकाची पत्री बसवली मंधात. आता मस्त लागते."

"पत्रीसंगं दोन इंच?"

"त काय झालं? अठ्ठावन्न इंच ठेवले न तुले!"

वच्छलाबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. खोट हातात नव्हती, हे कळल्याचा आनंद त्या हसण्यात जास्त होता.

कागद फेकायचा नाही, शीला म्हणाली. नव्या टेपनं मापं घेऊन त्याच कागदावर लाल पेन्सिलीनं आतून रेघ मारली, आणि कुर्ता उसवून पुन्हा कापला. या खेपेला खांदा खांद्यावर बसला. आता गल्लीतल्या दोघीतिघी कापूस वेचताना घालायच्या शर्टासाठी बाईंकडे मापं देऊन गेल्या आहेत.

कॉलर मात्र अजून जमत नाही. तीनदा आखली, तीनदा एक टोक कुत्र्याच्या कानासारखं वर. "पुन्हा आखा, मावशी," शीला शांतपणे म्हणते, आणि वच्छलाबाई पुटपुटत नवा कागद पसरतात.