सूनबाईचं ‘अजून नाही’

देवापुढे दिवा लावून मी वाती वळायला बसते, तेवढ्यात सूनबाई घरी येते आणि चप्पल काढता काढताच कॉलेजातला किस्सा सुरू करते. कापूस संपतो, किस्से संपत नाहीत.

सूनबाई उल्हासनगरच्या एका कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवते. तिच्या असाइनमेंटवर मार्क नसतात. ‘जमलं’ किंवा ‘अजून नाही’, एवढंच. जमलं नाही तर कुठे चुकलं ते ती लिहून देते. सुधारून परत द्यायचं, कितीही वेळा.

पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, “मॅडम, ‘अजून नाही’ म्हणजे पस्तीसच्या वर की खाली?”

एकदा तिने पोरांनाच स्वतःला मार्क द्यायला सांगितले, कारणासकट. एकाने दहापैकी दहा घेतले. कारण? ‘दुसरं कोणी देणार नाही.’ तिने खाली लिहिलं, ‘कारण जमलं. उत्तर अजून नाही.’

स्टाफरूममधले एक सर तिला म्हणाले, हे काय सोमवारचं व्रत आहे, परत परत करायला? मला ते मुळीच लागलं नाही. सोळा सोमवारच्या अळणी उपासात अकराव्या सोमवारी मी आमटीचं मीठ चाखून बसले होते. परत पहिल्यापासून धरले. महादेवाने मार्क कापले नाहीत.

आता कोमलचं. उल्हासनगरातल्याच कॅम्प एकमधल्या सिंधी कापडवाल्यांची ही मुलगी, चार वेळा ‘अजून नाही’. या खेपेला जमलं नाही तर कॉलेज बंद, दुकानात बसायचं, असं वडिलांनी बजावलेलं. मी गुपचूप तिच्यासाठी सोमवार धरले. सूनबाईलाही म्हटलं, लिहून टाक ना ‘जमलं’.

“आई, महादेवालाही असंच सांगता?”

मी कापूस पुढे ओढला. सांगते, पण ते तिला कशाला कळायला हवं?

मग एका सोमवारी कोमलसोबत तिचे वडील मिठाईचा बॉक्स घेऊन बदलापूरला आमच्या घरीच आले. म्हणाले, भाव वाढला तरी कुठल्या मालाचा खप घटत नाही आणि का, हा काय असाइनमेंटचा सवाल आहे? आपण रोज धंदा करतो, मॅडम! सूनबाईने त्यांच्यापुढे कागद-पेन ठेवलं.

अर्धा तास लिहीत होते. मधेच कोमल हळूच म्हणाली, “पप्पा, साडीचं नको, मिठाचं उदाहरण द्या.” त्यांनी ऐकलं नाही.

सूनबाईने वाचलं, शेरा लिहिला, कागद परत दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“फिर से दे सकते हैं?”

“कितीही वेळा.”

कागदाची घडी खिशात ठेवत ते लेकीला म्हणाले, “कॉलेज अभी मत छोड़ना. मेरा बाकी है.”